पेढीवाल्यांच्या वाड्यातील गाणे: खानदेशातील जुन्या घराचे संगीत कसे शोधावे, जपावे आणि पुन्हा ऐकावे

अमळनेर, चोपडा, धरणगाव, नंदुरबार, धुळे अशा गावांतील एखादा जुना वाडा वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी उघडला जातो, तेव्हा माडीवरच्या सामानात भाता फाटलेली पेटी (हार्मोनियम), कर्णा नसलेला ग्रामोफोन, पुठ्ठ्याच्या खोक्यात एकावर एक रचलेल्या तबकड्या आणि पदांची एखादी हस्तलिखित वही सापडते. बहुतेक वेळा पेटी दुरुस्तीला जाते, तबकड्या भंगारात जातात आणि वही कोणाच्या लक्षातही येत नाही. हे मार्गदर्शन अशा वस्तू ज्यांच्या हाती आल्या आहेत त्यांच्यासाठी, तसेच गावाच्या इतिहासाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना आरंभीच सांगतो: आधी माणसांच्या आठवणी, मग कागद, मग वाद्ये आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. दुरुस्तीत पेटीतील जुने सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या जिभा) घासले जातात, जुने कातडे फेकले जाते, दुकानदाराची चिठ्ठी खरवडली जाते, आणि त्या घरात नेमके काय वाजत होते हे सांगणारा पुरावा त्याबरोबर जातो.

कोणाच्या घराविषयी आपण बोलत आहोत

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. गुजरात आणि मारवाडातून आलेली काही व्यापारी घराणी त्याआधीपासूनच येथे होती. परंतु अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, आणि कापूस, सरकी व सावकारी यांवर उभ्या राहिलेल्या पेढ्यांना खरी भरभराट लाभली. १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरला येणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईइतकीच सुरतही जवळ आली. पेटी, तबकड्या आणि छापील पुस्तके याच वाटांनी खानदेशात पोचली, म्हणून घराचा शोध घेताना त्या घराचा व्यापार कोणत्या शहराशी होता हे प्रथम विचारावे.

दुसरीकडे धुळ्यातील अधिकाऱ्यांचे बंगले आणि भुसावळची रेल्वे वसाहत यांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत होती. अशा कुटुंबांत पियानो हे प्रतिष्ठित घराचे लक्षण मानले जाई, आणि तो वाजवणे हे प्रामुख्याने घरातील स्त्रियांचे काम असे. हिंदुस्थानातील युरोपीय घरांच्या संगीताची काही महत्त्वाची जुनी कागदपत्रे मात्र उत्तर हिंदुस्थानातील आहेत. १७८० च्या दशकात बनारसमध्ये मार्गारेट फाउक आणि लखनौमध्ये सोफिया प्लाउडन या स्त्रियांनी हिंदुस्थानी गवई-गायिकांच्या चिजा ऐकून त्या पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवून घेतल्या, आणि १७८९ मध्ये कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्ड यांनी अशा चालींचा संग्रह पियानोच्या जातीच्या वाद्यांसाठी छापला. खानदेशातील संशोधकाला या उदाहरणाचा उपयोग पद्धतीपुरता आहे, पण तो मोठा आहे. प्लाउडन यांच्या संग्रहात चाली पाश्चात्त्य लिपीत आहेत आणि शब्द वेगळ्या पानांवर फारसी लिपीत आहेत. चाल लिहिणारा हात एक आणि शब्द लिहिणारा हात दुसरा. ज्या गायिकांनी त्या चिजा गायल्या त्यांचे श्रुतींचे बारकावे, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) आणि तालाची लवचीकता दोन्ही कागदांच्या मधून निसटली. आपल्या वाड्यातील वहीतही हेच घडलेले असणार, हे मनाशी धरून पुढचे काम करावे.

पहिली पायरी: आठवणी

घराचे संगीत विचारायचे तर कर्त्या पुरुषापाशी थांबू नये. कर्ता पुरुष दिवाणखान्यातील मैफल सांगतो, कोणता मोठा गवई आला होता हे सांगतो, आणि तेवढेच घराचे संगीत मानले जाते. रोजचे गाणे माजघरात, देवघरात आणि ओट्यावर होत असे, व ते घरातल्या वडीलधाऱ्या सुनांना, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकींना आणि त्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कामाला असलेल्या कुटुंबांतील बायकांना माहीत असते. बाहेर दिलेल्या लेकींकडे आवर्जून जावे. सासरी गेल्यावर माहेरची गाणी त्या मुद्दाम धरून ठेवतात, आणि माहेरी वाद्ये विकली गेली तरी त्यांच्या आठवणीत गाणे शिल्लक राहते.

प्रश्न रागाचा किंवा घराण्याचा विचारू नये, कारण त्याने समोरची बाई संकोचते आणि ‘आम्हाला काही गाणेबिणे येत नव्हते’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी दिवसाचा आणि वर्षाचा क्रम धरावा. ‘बा, सकाळी घरात आधी कोण उठायचे आणि उठल्यावर काय म्हणायचे?’, ‘काकीसा, दिवेलागणीला देवासमोर कोण बसायचे?’, ‘आजी, तुमच्या लग्नात हळदीच्या दिवशी कोण गात होते?’ अशा प्रश्नांतून गाणी आपोआप येतात. वैष्णव घरात ठाकुरजींच्या सेवेची पदे, जैन घरात स्तवने, मारवाडी घरात लग्नातली बन्ना-बन्नीची गाणी, गुजराती घरात नवरात्रातला गरबा, आणि या सगळ्यांच्या शेजारी भाद्रपदातली गुलाबाईची गाणी व श्रावणातला कानबाईचा उत्सव, अशी सरमिसळ एकाच घरात आढळणे हेच खानदेशाचे वैशिष्ट्य आहे. बाहेरून आलेल्या घराण्यांच्या मुली ओट्यावर अहिराणी बोलणाऱ्या मैत्रिणींबरोबर वाढल्या, त्यामुळे एखाद्या मारवाडी गाण्यात अहिराणी शब्द आला तर तो चूक समजून दुरुस्त करू नये. तो शब्द त्या घराच्या येथे रुजण्याचा दाखला आहे आणि मूळ शब्दाइतकाच मोलाचा आहे.

ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाईल पुरतो, मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. फोन विमान मोडवर ठेवावा, तो बोलणाऱ्या व्यक्तीपासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा, आणि पंखा व कूलर बंद ठेवावा. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि वयस्कर माणसाला पंख्याविना बसवणे योग्य नाही. म्हणून हे काम मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत, सकाळच्या वेळी करावे. गाणाऱ्या व्यक्तीला पेटीचा सूर देऊ नये. तिने स्वतःहून धरलेली पट्टी, म्हणजे आवाजाची उंची, ही माहिती असते, आणि पेटीचा सूर दिला की आवाज त्या बारा स्वरांच्या चौकटीत बसण्याचा प्रयत्न करू लागतो. तीच गाणी काही दिवसांनी पुन्हा विचारावीत, कारण दुसऱ्या वेळी कडवी वाढतात आणि पहिल्या वेळी टाळलेल्या गोष्टी सांगितल्या जातात.

बसण्याची जागा हा प्रश्न कधीही वगळू नये. दिवाणखान्यात गवई बसला की स्त्रिया कोठे बसत होत्या, मध्ये चिकाचा पडदा होता की भिंत होती, माडीच्या झरोक्यातून ऐकू येत होते का, लहान मुलींना आत येऊ देत होते का, हे विचारून घराचा साधा नकाशा काढावा आणि त्यावर खुणा कराव्यात. भिंतीपलीकडून ऐकून पाठ केलेले गाणे आणि समोर बसून शिकलेले गाणे यांत शब्दांचा फरक पडतो. वहीतले शब्द आणि म्हटले जाणारे शब्द जुळत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा त्या नकाशात सापडते.

एक नाजूक विषय येथेच सांगणे भाग आहे. सधन घरांतील मैफली, लग्ने आणि मुंजी यांत गाणाऱ्या व्यावसायिक गायिका व नर्तकी यांच्याकडून कित्येक ठुमऱ्या, दादरे आणि लावण्या घरात आल्या, पण घरच्या आठवणीत त्यांची नावे पुसलेली असतात. मुंबईत १८७० मध्ये पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली आणि पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. गाणे ‘घरंदाज’ माणसांना शिकता यावे, ही या संस्थांमागची एक मोठी प्रेरणा होती. ज्यांनी गाणे तोवर सांभाळले त्यांना मात्र या नव्या प्रतिष्ठेत जागा मिळाली नाही. म्हणून एखाद्या आजींनी अशा गायिकेचे नाव किंवा गाव सांगितले तर ते आदराने टिपून घ्यावे, आणि कुटुंबाची हरकत नसेल तर नोंदीत ठळक लिहावे.

दुसरी पायरी: चोपडे, पावत्या आणि वह्या

आठवणींनंतर कागदांकडे वळावे. पेढीच्या घरात संगीताची सर्वांत विश्वासू नोंद हिशेबात असते. रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (खातेवार वही) यांत किरकोळ खर्च, घरखर्च, धर्मादाय आणि लग्नखर्च ही खाती आधी पाहावीत. पेटीची खरेदी, भात्याचे कातडे, तबल्याची पुडी, तंबोऱ्याच्या तारा, ग्रामोफोनच्या सुया, मास्तरांचा महिना, गवयाची बिदागी, नाटकाची तिकिटे अशा नोंदी तेथे मिळू शकतात. माझ्या मते लग्नाच्या हिशेबाइतका बोलका कागद दुसरा नाही. सनई-चौघडा, बँड, नाच आणि कीर्तनकार यांना एकाच लग्नात वेगवेगळ्या रकमा दिलेल्या दिसतात, आणि त्या रकमांच्या तुलनेवरून त्या घराने कोणत्या संगीताला किती मान दिला हे स्पष्ट होते. घराची सांगीवांगी आणि हिशेब यांत विरोध आला तर हिशेबावर अधिक विश्वास ठेवावा, पण सांगीवांगीही तशीच लिहून ठेवावी.

लिपी आणि सन या दोन अडचणी येतात. मराठी कारकुनाचे लेखन मोडीत, गुजराती पेढीचे गुजरातीत आणि मारवाडी पेढीचे महाजनी लिपीत असू शकते. मोडीसाठी धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेशी संपर्क साधावा. महाजनी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून घरातील एखादे वयस्कर मुनीम हयात असतील तर त्यांच्याकडे त्वरेने जावे. सनाचे रूपांतर करताना घाई नको. शक वर्षात चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवावेत. विक्रम संवत असेल तर ती पेढी कोणता वर्षारंभ मानत होती हे आधी ठरवावे. गुजराती पेढीचे वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलते, म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करावेत आणि जानेवारी ते दिवाळी ५६ वजा करावेत. चैत्रात वर्ष बदलणाऱ्या पद्धतीत चैत्र ते डिसेंबर ५७ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ५६ वजा होतात. संवत १९६० च्या श्रावणातली नोंद गुजराती पद्धतीने १९०४ ची ठरते आणि चैत्री पद्धतीने १९०३ ची. पेटी आधी आली की मास्तर आधी आले, अशा प्रश्नात हा एका वर्षाचा फरक निर्णायक ठरतो.

पदांच्या वहीत नुसते शब्द असतील तर शब्दांवर लिहिलेले राग-ताल आणि ‘चाल’ म्हणून दिलेले दुसऱ्या पदाचे नाव टिपावे. १८८० च्या दशकापासून संगीत नाटकांनी पदांचे मोठे भांडार घराघरांत पोचवले, त्यामुळे घरातली एखादी आरती किंवा मंगलाष्टक नाटकाच्या पदाच्या चालीवर बांधलेले आढळणे अगदी स्वाभाविक आहे. वहीत स्वरलेखन असेल तर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे ठरवल्याशिवाय एकही स्वर वाजवू नये. बडोद्यात गवई मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलिपी वापरली, त्यामुळे गुजरातशी व्यवहार असलेल्या घरात तिचा प्रभाव दिसू शकतो. पुढच्या काळात भातखंडे आणि पलुस्कर यांच्या पद्धती रुळल्या, आणि या दोहोंत चुकीला मोठा वाव आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असेल तर तो तार (वरच्या) सप्तकातला आणि खाली असेल तर मंद्रातला (खालच्या सप्तकातला). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा असतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ वापरतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तर पलुस्कर पद्धतीत स्वराला हलन्तासारखी खूण असते. समेसाठी (तालाच्या पहिल्या मात्रेसाठी) गुणाकाराचे चिन्ह दिसले तर वही भातखंडे पद्धतीची असण्याचा संभव फार मोठा आहे.

अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून लिलावात आलेली इंग्रजी संगीताची पुस्तके काही वाड्यांत सापडू शकतात. एकेकटी विकत घेतलेली छापील गाणी, वॉल्ट्झ आणि पोल्का एकत्र बांधून त्यावर मालकिणीचे नाव सोनेरी अक्षरांत घालण्याची त्या समाजात रीत होती. अशा ग्रंथाची बांधणी सोडवू नये आणि पाने वेगळी करून चौकटीत लावू नयेत. कोणते गाणे कशानंतर बांधले आहे, कोठे बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहिले आहेत आणि कोणती पाने कोरी करकरीत राहिली आहेत, यावरून त्या मुलीचे शिक्षण आणि आवड कळते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील राउस हिल या घरात एकाच कुटुंबाच्या सहा पिढ्या राहिल्या आणि तेथील गाण्यांची छापील पाने, वाद्ये व खोल्या एकत्र टिकल्या, म्हणूनच तेथील वसाहतकालीन घरगुती संगीत आज इतक्या तपशिलाने अभ्यासता येते. आपल्याकडे पेटी एका भावाकडे, वही दुसऱ्याकडे आणि तबकड्या तिसऱ्याकडे जातात. वाटणी टळणार नसेल तर निदान सर्व वस्तूंची एकत्र छायाचित्रे आणि एकच यादी वाटणीआधी करून घ्यावी.

तिसरी पायरी: पेटी वाचणे

पेटी उघडण्यापूर्वी तिची चहूबाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि दुकानाची चिठ्ठी, कोरलेले नाव, आतल्या फळीवरचे पेन्सिलीचे आकडे यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. हार्मोनियम या नावाचे एकस्व (पेटंट) पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ मध्ये घेतले. ते पायाने भाता चालवण्याचे वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी मागच्या बाजूस हाताचा भाता असलेली पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात घडवली, आणि तीच पुढे देशभर पसरली. म्हणून वाड्यातली पायपेटी ही आपोआप जुनी आणि हातपेटी ही आपोआप नवी असे समजू नये, परंतु हातपेटी १८८० पूर्वीची असल्याचे घरात सांगत असतील तर ते तपासून घ्यावे. पॅरिसच्या कास्रिएल या नावाचे सूर किंवा अख्खी पेटी आढळली तर विशेष काळजी घ्यावी. पेटीवाले कारागीर त्या सुरांना आजही मान देतात. गुजरातमधील पालिताणा येथील सूर पुढे देशभर वापरात आले, त्यामुळे एकाच पेटीत दोन काळांचे सूर बसवलेले असू शकतात.

भाता एकदम जोराने चालवू नये. कित्येक वर्षे मिटलेले कातडे घडीवर फाटते, आणि आत उंदरांनी घर केले असेल तर कचरा सुरांत जाऊन बसतो. वरची झाकणे काढून मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. तेल, पॉलिश, ओले फडके यांपैकी काहीही वापरू नये. त्यानंतर भाता अगदी हलक्या आणि एकसारख्या दाबाने भरून एकेक पट्टी वाजवावी व कोणती बोलते, कोणती मुकी आहे, कोणती खरखरते याचा तक्ता करावा. खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे संच असतील तर खटके आळीपाळीने उघडून प्रत्येक संचाचा तक्ता वेगळा ठेवावा.

पुढचे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि दुरुस्तीनंतर ते कधीच करता येत नाही. मोबाईलवरील सूर मोजणाऱ्या साधनाने प्रत्येक बोलणाऱ्या पट्टीची कंपनसंख्या लिहून घ्यावी. आज पांढरी सहा (सप्तकातील सहावी पांढरी पट्टी) ही सेकंदाला ४४० कंपनांवर लावतात, पण हे प्रमाण १९३९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतरचे आहे. फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ हे अधिकृत प्रमाण होते आणि इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ४५२ पर्यंत चढलेली पट्टी प्रचारात होती. जुन्या पेटीतील बहुतांश सूर एकाच दिशेने आणि जवळपास सारख्या प्रमाणात सरकलेले आढळले, तर ती मूळ जुळणी असण्याचा संभव आहे. काही वर आणि काही खाली विखुरलेले असतील तर तो गंजाचा, धुळीचा किंवा वेळोवेळी केलेल्या घासकामाचा परिणाम समजावा. सुराच्या जिभेचे टोक घासले की स्वर चढतो आणि बुडाकडे घासले की उतरतो. दोन्ही प्रकारांत धातू कायमचा जातो, म्हणून भिंगातून दिसणाऱ्या घासण्याच्या खुणांचीही छायाचित्रे घ्यावीत. पट्ट्यांचा झिजलेला भागही बारकाईने पाहावा. काळी एक, काळी दोन या भोवतीच्या पट्ट्या खोल झिजल्या असतील तर गाणारा आवाज कोणत्या पट्टीचा होता याचा अंदाज येतो, आणि घरात ‘पेटी आजोबा वाजवत’ असे सांगत असतानाच झीज स्त्रियांच्या पट्टीवर अधिक असेल तर पुन्हा पहिल्या पायरीकडे जाऊन नवे प्रश्न विचारावेत.

आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला बंदी होती. घराघरांत मात्र ती चालूच राहिली, आणि रेडिओवर जे गाणे पेटीविना ऐकू येई ते संध्याकाळी पेटीवर बसवण्याचा उद्योग कित्येकांनी केला. वयस्कर व्यक्तींना याविषयी अवश्य विचारावे.

इतर वाद्ये आणि तबकड्या

तंबोरा असेल तर आतील चिठ्ठी पाहावी, तारा थोड्या सैल कराव्यात आणि भोपळ्यावर दाब येणार नाही असा आडवा ठेवावा. मिरजेच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी तेथेच जाणे उत्तम. पियानो सापडला तर लोखंडी चौकटीवरचा किंवा झाकणाखालचा क्रमांक उतरवून घ्यावा, कारण मोठ्या कारखान्यांच्या क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष ठरवता येते. तारांवर टनांच्या हिशेबात ताण असतो, म्हणून तो स्वतः जुळवण्याचा प्रयत्न करू नये. पट्ट्यांवर हस्तिदंत असू शकते आणि भारतात हस्तिदंताच्या व्यापारास कायद्याने बंदी आहे, हे विक्रीचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सर्वच लाकडी वाद्यांना खानदेशच्या हवेचा एक विशेष धोका आहे: कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, आणि त्याच खोलीत कूलर लावला की एका बाजूने ओलसर वारा लागून ते वाकते. वाद्ये कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत आणि वाळवीसाठी पायांची पाहणी दर पावसाळ्यानंतर करावी.

तबकड्यांना स्पिरिट कधीही लावू नये. त्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात आणि स्पिरिटने विरघळतात. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसाव्यात, उभ्या ठेवाव्यात आणि जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईने वाजवू नयेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी योग्य रुंदीची सुई असलेल्या यंत्रावर एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घेणे हा उत्तम मार्ग आहे. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि आरंभीच्या तबकड्या छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव सांगते ते तिकडच्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून, तेव्हा उतरवून घेताना हा शेवट कापू नये. कागदी पाकिटावरचा दुकानाचा शिक्का तबकडी मुंबईहून आली की सुरतेहून हे सांगतो. खाचा करड्या पडल्या आहेत त्या तबकड्या वेगळ्या काढून त्यांची यादी करावी: घराने खरोखर काय पुन्हा पुन्हा ऐकले त्याची ती यादी होय, आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी घेतलेल्या चकचकीत तबकड्यांपेक्षा ती निराळी निघण्याचा संभव पुष्कळ असतो.

दुरुस्तीचा निर्णय

आता दुरुस्तीचा विचार करावा. पेटी पुन्हा वाजावी अशी घराची इच्छा असेल तर भात्याचे कातडे आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा बदलण्यास हरकत नाही. काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून त्यावर तारीख लिहावी. सूर ४४० वर आणण्याचा आग्रह कारागीर धरतील, कारण त्यांना इतर वाद्यांबरोबर पेटी चालवायची असते. हा आग्रह मान्य करू नये. पेटी तिच्या जुन्या पट्टीत फक्त आपसांत जुळवून घ्यावी आणि तंबोरा व तबला तिच्याशी जुळवावेत. मैफलीसाठी दुसरी पेटी बाजारात मिळते, ही मिळणार नाही.

वाड्यात एक संध्याकाळ

हे सर्व झाल्यावर त्याच वाड्यात घरगुती संगीताची एक संध्याकाळ ठेवता येते. ध्वनिवर्धक लावू नये. माती-लाकडाच्या धाब्याखाली आणि जाड भिंतींत पेटीचा आवाज मऊ होतो आणि तीस-चाळीस माणसांना सहज पोचतो. पाहुण्यांना नकाशाप्रमाणे बसवावे, आणि पहिली काही पदे झाल्यावर त्यांतल्या काहींना माजघरात बसून ऐकण्यास सांगावे, म्हणजे त्या घरातील बहुसंख्य स्त्रियांनी गाणे कसे ऐकले हे त्यांना कानांनी कळेल. क्रम दिवसाचा ठेवावा: देवघरातील पद, मग ओट्यावरची गाणी, मग वहीतील नाटकाचे एखादे पद, मग तबकडीवरून बसवलेली ठुमरी. बंगल्यातील संगीताची ओळख करून द्यायची असेल तर सोपा वॉल्ट्झ त्याच पेटीवर वाजवावा. प्रत्येक गाण्यापूर्वी ते कोणाकडून मिळाले हे दोन वाक्यांत सांगावे आणि गायिकांची नावे ठाऊक असतील तर ती घ्यावीत. दिवाणखान्यातील मैफलीची नक्कल म्हणून शिष्यवर्गाकडून तासभर ख्याल गाऊन घेण्याचा मोह टाळावा, कारण त्याने संध्याकाळ नेहमीच्या जलशासारखी होते आणि घराचे गाणे पुन्हा मागे पडते.

छायाचित्रे, पट्ट्यांचा तक्ता, हिशेबातील उतारे आणि ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत घरात, एक प्रत दुसऱ्या गावातील नातलगांकडे आणि कुटुंबाची संमती असल्यास एक प्रत संशोधन संस्थेकडे द्यावी. संमती लेखी घ्यावी, आणि कोणती गाणी फक्त घरातच ठेवायची आहेत ते तिच्यात स्पष्ट लिहावे. ध्वनिमुद्रणाची पहिली प्रत मात्र ज्यांनी गाणे म्हटले त्यांच्या हाती, त्यांना वाजवता येईल अशा साधनात घालून द्यावी; ती ऐकताना त्यांच्या बहिणीला किंवा भाचीला उरलेले कडवे आठवले, तर तेही तारखेसह त्याच नोंदीत जोडावे.